शनिवारच्या चहाला सांगितलेल्या चुका

अण्णा,

उद्या तुमचा दहावा. सकाळी सहाला कारखान्याची गाडी नेसरीला निघणार आहे आणि मीही येते आहे. तुमच्या गावी पहिल्यांदाच. "अक्का, एकदा भाताच्या सुगीला या की गावाकडं," असं तुम्ही दरवर्षी म्हणायचात आणि मी दरवर्षी ऑडिटचं कारण सांगायचे. आता बोलावणारा माणूसच नसलेल्या घरी चालले आहे. काकूंसमोर मला चार शब्दसुद्धा बोलता येणार नाहीत हे मला ठाऊक आहे. म्हणून आजच लिहिते.

तसं तुमच्यावर एकदा लिहून झालं आहे. साहेब म्हणाले, मॅडम, तुमचं मराठी चांगलं आहे, नोटीस बोर्डासाठी पाच ओळी द्या. दिल्या. 'कर्तव्यनिष्ठ, मनमिळाऊ, सर्वांचे मार्गदर्शक.' तुम्ही वाचलं असतंत तर मागे हात बांधून म्हणाला असतात, "ह्यो कोण गेला म्हणायचा?"

मी मंगळवार पेठेतली. आमच्याकडे हळू बोलणाऱ्याला आजारी समजतात. क्वालिटी इंजिनिअर म्हणून रुजू होऊन मला पाचच दिवस झाले होते. एका ऑपरेटरने मोजमाप न करताच तक्त्यात आकडा लिहिला, म्हणून मी त्याला हॉलच्या मधोमध उभं करून झापत होते. तुम्ही पहिल्या पाळीचे सुपरवायझर. माझ्या मागे येऊन उभे राहिलात, माझं सगळं होऊ दिलंत आणि विचारलंत, "अक्का, पेठेतल्या काय वो तुमी?" मी म्हटलं, हो, कसं ओळखलंत? "आवाजावरनं. तीन नंबरची मशिन दचकून बंद पडली की." सगळे हसले. मलाही हसू आलं, आणि हसू आल्याचाच राग आला. मी तुमच्या मुलीच्या वयाची, तरी तुम्ही मला अक्का म्हणालात, थोरली बहीण. कानडी सीमेकडच्या तुमच्या गावात तशीच रीत, असं नंतर कळलं. त्या दिवसापासून तुम्ही माझे अण्णा झालात.

आपण काय बनवतो हे मला माझ्या आईला अजून नीट सांगता आलेलं नाही. करंगळीएवढी पोलादाची नळी. विमानाच्या इंधनाच्या व्हॉल्व्हमध्ये ती बसते आणि तिच्या आतल्या भोकात केसाच्या विसाव्या भागाएवढाही फरक चालत नाही. त्यासाठी परदेशातून आणलेली यंत्रं, उन्हाळ्यातही अंगावर शहारा आणणारा गारवा, बुटांवर घालायच्या पिशव्या. आणि त्या यंत्रासमोर उभा राहणारा माणूस पहाटे उठून बावड्याच्या शेतात उसाला पाणी पाजून आलेला. यंत्रासाठी आम्ही शंभर सेन्सर बसवले. त्या माणसाच्या तोंडाकडे बघायचं काम तुमच्या एकट्याकडे होतं. पाळी सुरू होताना तुम्ही दारात उभे राहून एकेकाला न्याहाळायचात आणि एखाद्याला म्हणायचात, "तू आज मोठ्या मशिनवर नगं. धुण्याच्या टाकीवर जा." तो कुरकुरत जायचा, पण जायचा.

शनिवारचा चहाही तुमचाच. कंपनीला त्याचा पत्ता नव्हता. पाळी सुटली की कँटीनच्या मागच्या पायऱ्यांवर सगळे जमायचे, चहा आणि कागदावर तिखट चुरमुऱ्यांचं भडंग, आणि प्रत्येकाने त्या आठवड्यातली आपली एक चूक सांगायची. सुरुवात तुम्ही करायचात. "मंगळवारी मशिनला आकडा घालताना टिंबच इसरलो. मशिननं बोंब मारली म्हणून वाचलो, न्हाईतर माझी बोंब झाली असती." मग जुना ऑपरेटर सर्जेराव. सर्जेराव बोलायला लागला की लोक चहा हातातच धरून बसायचे. "बायकूचा फोन आलता. त्यात एकच नळी दोनदा मोजली आन् एक मोजलीच न्हाय. दोनदा मोजली ती दोन्ही बारीला बरोबर आली बगा!" हसून झालं की तुम्ही विचारायचात, "का झालं?" तो काही सांगायचा. "आन् ते का झालं?" कुणाचं झालं, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत, कारण तो समोरच बसलेला असायचा. आणि पुढच्या आठवड्यात हॉलमध्ये काहीतरी बदललेलं दिसायचं. मोजलेल्या आणि न मोजलेल्या नळ्यांचे ट्रे हॉलच्या दोन टोकांना गेले ते सर्जेरावाच्या त्या फोनमुळे. एकदा एकाने सांगितलं, हातातून नळी पडली, पुसून बघितली, काही दिसलं नाही, तरी बाजूला ठेवली. पडलेल्या नळीला बसलेली ठेच डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच ती सांगणाऱ्याचं मोल. तुम्ही भडंगाचा अख्खा कागद उचलून त्याच्यापुढे ठेवलात.

मीही बसायचे तिथे. एकदा तुम्ही म्हणालात, "अक्का, तुमची?" मी म्हटलं, मी कुठे मशिन चालवते? तुम्ही हसलात आणि पुढच्याकडे वळलात.

ही रीत तुम्ही का सुरू केलीत, ते मला एकटीला सांगितलं होतंत. तरुणपणी तुम्ही एका वर्कशॉपमध्ये लेथवर होतात. एका दिवशी हत्यार धडकलं आणि चकाचा, म्हणजे काम घट्ट धरून फिरवणाऱ्या पंजाचा, एक जबडा तडकला. मालक शिव्या देईल म्हणून तुम्ही गप्प बसलात, हात धुतलेत आणि घरी गेलात. पुढच्या पाळीला तुमचा जोडीदार बाळू त्याच लेथवर उभा राहिला. तडकलेला जबडा निसटला आणि त्याची दोन बोटं गेली. "त्याला वाटलं त्याचंच कायतरी चुकलं," तुम्ही म्हणालात. मी विचारलं, मग तुम्ही त्याला सांगितलंत? तुम्ही कपातला चहा संपवलात आणि मला ट्रेच्या रंगाबद्दल काहीतरी विचारलंत.

आता माझं.

परदेशी गिऱ्हाईकाचं ऑडिट येणार होतं. माणसांच्या हातून होणाऱ्या चुका कमी करायला तुम्ही काय करता, त्याची नोंद दाखवा, असं पत्र आलं. माझ्याकडे अधिकृत नोंद नव्हती, पण दीड वर्षाचे शनिवार होते. मी पायऱ्यांवर ऐकायचे, हसायचे, भडंग खायचे आणि वर जाऊन सगळं लिहून ठेवायचे. मला ती सवयच आहे. तारीख, मशिन, चूक, नाव. त्याचा एक तक्ता केला, रंगीत आलेख काढला. ऑडिटरने मान डोलावली. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं आणि तो आलेख मोठा करून नोटीस बोर्डावर लावला. नावानिशी. प्रत्येकाच्या नावावर एक पट्टी, जितक्या चुका तितकी उंच.

सर्वांत उंच पट्टी सर्जेरावाची होती.

मला तेव्हाही दिसलं नाही, अण्णा. शपथ घेऊन सांगते. मी त्या आलेखाकडे बघून म्हटलं, बघा, आता नेमकं कळलं कुणाला प्रशिक्षण द्यायचं. तुम्ही चष्मा वर करून बोर्ड वाचलात, दोनदा वाचलात. "जो जास्त बोलला त्यो जास्त चुकला, असं झालं की हे," एवढंच म्हणालात. महिन्याभरात सर्जेरावाला मशिनवरून काढून पॅकिंगला टाकलं. नऊ वर्षं त्या मशिनवर काढलेला माणूस खोक्यांना चिकटपट्टी लावत होता. पुढच्या महिन्यात त्याने नोकरी सोडली.

त्याच दिवशी तुम्ही माझ्या टेबलाशी आलात. आपलं असं भांडण त्याआधी झालं नव्हतं. "चूक लिवा की, कोण नको म्हणतंय? नाव कशाला लिवता?" मी म्हटलं, नाव नसेल तर जबाबदारी कुणाची? "जबाबदारी घ्यायला बसलेलाच हुता की त्यो पायरीवर! सोताच्या तोंडानं सांगत हुता. आन् काय पायजे हुतं?" मी म्हटलं, अण्णा, तुमचं सगळं तोंडी आहे. उसाच्या पाण्याची पाळी असते त्या आठवड्यात चुका वाढतात, हे माझ्या तक्त्यात दिसलं. "ते मला म्हाईत हाय." तुम्हाला माहीत आहे, मी ओरडले, पण तुमच्यानंतर कुणाला माहीत असणार आहे?

हे मी बोलले. तुमच्यानंतर. आता दर सकाळी पाळी सुरू होते आणि दारात कुणी उभं नसतं. कुणाची झोप झाली नाही, कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाला आज मोठ्या मशिनवर पाठवायचं नाही, काहीच कळत नाही. मी अजूनही म्हणते, लिहायला हवं होतं. त्या भांडणात मी निम्मी बरोबर होते आणि हे आज मान्य करायला तुम्ही समोर नाही. पण उरलेल्या निम्म्यात मी एक माणूस घालवला.

त्या दिवसापासून तुम्ही मला मॅडम म्हणू लागलात. बोलणं सोडलं असतंत तर बरं झालं असतं, मी चार दिवस धुसफुसून सरळ झाले असते. तुम्ही सगळं नीट बोलायचात. "मॅडम, अहवाल ठेवलाय." "मॅडम, पाणी देऊ?" आठ महिने. रोज मला वाटायचं, आज अक्का म्हणतील. वाट बघण्याऐवजी मीच खाली येऊन माझं चुकलं म्हणाले असते तर? पण पेठेतला आवाज भांडायला चढतो, माफी मागायला घशाच्या वर येत नाही.

शनिवारचा चहा चालूच राहिला, तेवढं तुम्ही सोडलं नाहीत. तुम्ही आपली चूक सांगायचात आणि मग शेजारच्याकडे बघायचात. "माझं काय न्हाय, अण्णा. समदं बरं हाय." पुढचाही तेच. चहा पिऊन सगळे लवकर उठायचे. नळी पडल्याचं त्यानंतर कुणी सांगितलं नाही. आणि मी! मी बोर्डावर लिहिलं, 'या महिन्यातील मानवी चुका : शून्य.' तुम्ही ते वाचून म्हणालात, "शून्य? म्हंजे आता आपल्याला कायच दिसंना झालंय, मॅडम." मला वाटलं, जळतात माझ्यावर.

मग गिऱ्हाईकाकडून अख्खा ट्रे परत आला. एका नळीच्या कडेला ठेच होती. कुठेतरी, कुणाच्या तरी हातून ती पडली होती, त्याने पुसून परत ठेवली होती आणि तो गप्प बसला होता. तिकडे तपासणीत सापडली म्हणून बरं. नसती सापडली तर ती विमानात बसली असती, आणि त्या विमानात कोण बसलं असतं याचा विचार मी अजून पुरता करू शकत नाही. मी सगळ्यांना रांगेत उभं केलं. कुणी केलं? कुणीच नाही. तुम्ही कोपऱ्यात उभे होतात. तुम्ही मला एवढंही म्हणाला नाहीत, की बघा. तेवढं म्हणाला असतात तर मी भांडले असते आणि भांडता भांडता कदाचित रडले असते.

त्यानंतर पंधरा दिवसांनी तुम्ही अचानक गेलात. आदल्या शनिवारी जिन्यात भेटलात. "मॅडम, जेवला न्हवं?" मी फोनवर होते. मान हलवली. आपलं शेवटचं बोलणं ते, आणि त्यात माझा शब्दसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी बावड्याच्या, तुमच्या इथल्या बिऱ्हाडाजवळच्या, स्मशानात रक्षाविसर्जन होतं. आपली सगळी पाळी आली होती. सर्जेरावही आला होता, लांब उभा. माझ्या शेजारी पांढरी टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ होते. रक्षेला हात लावायला ते पुढे झाले तेव्हा दिसलं, त्यांच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती. परत आल्यावर त्यांनीच विचारलं, "पावणं, तुमी कंपनीतल्या?" मी नाव सांगितलं. ते म्हणाले, "मी बाळू. आमी एका लेथवर हुतो." मला गप्प राहवेना. विचारलं, अण्णांनी तुम्हाला कधी काही सांगितलं होतं? त्यांनी आपल्या हाताकडे बघितलं. "सांगितलंतं की. म्हैना झाला आसंल. घरी आला, बसला आन् बोलला. तीस-पस्तीस वर्सं मी सोतालाच शिव्या दिल्या, बाई. पोरास्नी मशिनीजवळ जाऊ दिलं न्हाय. मी म्हटलं, मर्दा, एवढा उशीर का केलास?" आणि मग तिथेच, तुमच्या राखेसमोर, ते ओक्साबोक्शी रडले.

महिना झाला, म्हणजे आपलं बोलणं तुटलेलं असताना. तुम्ही मला धडा शिकवायला नव्हता गेलात, तसा तुमचा स्वभाव नव्हता. पण तुमच्या मनात त्या आठ महिन्यांत काय चाललं होतं ते मला त्या दिवशी थोडं कळलं. तुम्ही माझ्यावर रागावला होतात तसे स्वतःवरही. आणि तुम्ही जाऊन सांगून आलात, मी नाही.

शनिवारी मी खाली गेले. मला वाटलं होतं पायऱ्यांवर कुणी नसेल, पण सगळे होते. सवयीने जमले होते आणि सुरुवात करणारा नव्हता, म्हणून नुसते बसले होते. मी उभी राहिले. माझा आवाज फुटेना, हे तुम्ही ऐकायला हवं होतं. म्हटलं, माझी एक चूक सांगायची आहे. तुम्ही सगळे इथे विश्वासाने बोलायचात आणि मी वर जाऊन नावं लिहीत होते. सर्जेराव जास्त चुकत नव्हता, तो जास्त खरं बोलत होता. ते मला कळलं नाही. तक्त्यातली सगळी नावं मी काल पुसली आणि हे सगळं साहेबांना लिहून दिलं. कुणी "का झालं" असं विचारलं नाही, म्हणून मीच सांगितलं. शाबासकी हवी होती, म्हणून झालं.

चहा संपला. एकेक जण उठून गेला. त्यांनी लगेच विरघळावं अशी माझीही अपेक्षा नव्हती. खोटं कशाला बोलू, होती.

दुसऱ्या दिवशी बावड्याला सर्जेरावाकडे गेले. तो वैरण कापत होता. मी सगळं सांगितलं, परत या म्हटलं, साहेबांशी मी भांडते म्हटलं. त्याने विळा थांबवला नाही. "आता म्हशींचं बरं चाललंय, मॅडम. म्हस कुणाचं नाव लिवत न्हाय." मग मला चहा दिला, बायकोशी ओळख करून दिली आणि फाटकापर्यंत सोडायला आला. पण येतो म्हणाला नाही. ते तसंच राहणार, अण्णा. ते मी कितीही बोलले तरी दुरुस्त होणार नाही.

आज मंगळवार. दुपारी मोजमापाच्या खोलीत एकटी होते. दार उघडून आपल्यातला एक जण आत आला, हातात ट्रे. ट्रे माझ्या टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "मॅडम, सकाळच्या ह्या सहा नळ्या मी गरम असतानाच मोजल्या. गार होऊ दिल्या न्हाईत. पास म्हणून लिवल्यात. घाई झालती." पोलाद गरम असताना फुगतं, मोजमाप खोटं येतं, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. तो माझ्या पेनाकडे बघत होता.

मी पेन खाली ठेवलं. विचारलं, का झालं? तो खुर्ची ओढून बसला. कडेला टेकला होता आधी, मग नीट बसला, आणि सांगू लागला. पुष्कळ सांगितलं. पोरगं दवाखान्यात आहे, दोन रात्री तिथेच काढल्या आहेत, हेही त्यात होतं. आम्ही मिळून सहाही नळ्या पुन्हा मोजल्या. दोन बाद झाल्या.

तो गेल्यावर मी वहीत लिहिलं. सहा नळ्या, गरम असताना मोजल्या, माणूस दोन रात्री जागा. चूक लिहिली, अण्णा. त्याचं नाव तिथे लिहिलं नाही. तुम्हालाही सांगणार नाही.